बांधलेला पडदा

"हलू नकोस. श्वाससुद्धा बेतानं घे," असं मी पडद्याला म्हणाले, आणि तेवढ्यात जिन्यावर सरकारांच्या बुटांची करकर ऐकू आली.

पडद्यामागं माझा थोरला भाऊ नामू उभा होता. आईच्या समजुतीप्रमाणं तो त्या घटकेला मिरजेत मामाच्या शिवणाच्या दुकानात काजं करत बसला होता. फौजदार इंगवल्यांच्या मते तो तांबडगड संस्थानातला सगळ्यात माजलेला पोरगा होता आणि सापडला तर त्याचा माज उतरवायचा होता. आणि मी, अनसू हावळे, लग्नाला आलेली घोडी, दरबार हॉलच्या मधोमध हातात वाफेची किटली घेऊन उभी होते.  

नामू आला होता नोकरांच्या मागच्या जिन्यानं. लहानपणी आईचा जेवणाचा डबा घेऊन आम्ही दोघं त्याच जिन्यानं यायचो, त्यामुळं वाट त्याला पाठ. सदरा खांद्यापासून फाटलेला, पायात वहाण नाही, ओठ कोरडे पडलेले. सकाळी कचेरीवर तिरंगा लागला एवढं मी येताना ऐकलं होतं. तो कुणी लावला हे त्याच्याकडं बघून कळलं.

"तू मिरजेला होतास ना रे?"

"परवाच आलो. बोलू नको, अनसे. मागं लागलेत. बागेच्या फाटकातून शिरताना शिपायानं बघितलं."

"मग इथं कशाला आलास, वाघाच्या तोंडात?"

"दुसरीकडं कुठं जाऊ? सगळ्या गल्ल्या धरल्यात."

मी त्याला चार शिव्या घालणार होते, पण मला रघू बुरूड आठवला. नामूबरोबरचाच तो. पोळ्याच्या सुमाराला त्याला चौकीवर नेलं आणि पोटात दुखून मेला म्हणून आईच्या ताब्यात दिलं. त्याच्या आईनं त्याला अंघोळ घालताना काय बघितलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. मी नामूचा दंड धरला, टोकाच्या खिडकीपाशी नेला आणि पडद्यामागं ढकलला.

आता पडद्याचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

माझे वडील तरुणपणी मुंबईला एका गोऱ्या साहेबाच्या कारखान्यात पडदे शिवायला शिकले होते. तिथून त्यांना सरकारांच्या वडिलांनी उचलून आणलं. सदरे-बंड्या शिवणारे शिंपी गावात पुष्कळ, पण राजवाड्याचे पडदे फक्त हावळ्यांनी शिवायचे. वडील गेले तेव्हा आई म्हणाली, शिकवलंय त्यांनी मला, मी करीन. सरकारांनी हो म्हटलं. लोक हसले. लुगड्याचा काचा मारून शिडीवर चढणारी बाई त्यांनी कधी बघितली नव्हती. पुढं हसायचे थांबले, कारण आईचा हात वडिलांच्याही पुढचा निघाला.

त्या वर्षी दसऱ्याच्या दरबाराला इंग्रजांचे एजंटसाहेब यायचे होते, म्हणून हॉलचे सगळे पडदे नवे. डाळिंबी मखमल, फ्रान्सहून आलेली, सरकारांच्या खासगीच्या पेटाऱ्यात किती वर्षं पडून होती कोण जाणे. काठाला जरीची वेल, खालच्या दुमडीत शिशाचे मणी, म्हणजे वाऱ्यानं पडदा उडायला नको. पाठीला जाड जीनचं अस्तर, आणि ते अस्तर नुसतं कडेला शिवलेलं नाही, आतून हातभर अंतरावर मखमलीचा एकेक धागा उचलून धरलेलं. पावसाळाभर आई दिवसाउजेडी हेच करत होती. शिवाय साहेबी रिवाज असा, की पडदा जमिनीवर वीतभर लोळलाच पाहिजे. आई म्हणायची, ह्या लोळण्यात गावातल्या पोरींचे परकर झाले असते. त्या लोळण्यानंच नामूचे पाय झाकले.

टांगला म्हणजे पडदा झाला, असं मात्र नाही. त्याला वळण लावावं लागतं. वरून खालपर्यंत एकेक चुणी हातानं बसवायची, शेजारच्या चुणीला चिकटवायची, आणि सगळा पडदा मांजरपाटाच्या पट्ट्यांनी बांधून ठेवायचा. छातीशी एक पट्टी, कमरेशी एक, गुडघ्याशी एक. तसा काही दिवस बांधलेला राहिला, की पट्ट्या सोडल्यावरही चुण्या जागच्या जागी राहतात. बांधलेल्या पडद्याला कुणी हात लावायचा नाही. आमच्या घरात ते सोवळ्यासारखं होतं. एकदा सरकारांच्या आत्याबाईंनी नुसतं बोट लावलं, तर आईनं त्यांना तोंडावर "जरा लांबून बघा" म्हणून सांगितलं होतं.

तर त्या दुपारी हॉलमधले सगळे पडदे बांधून झाले होते. टोकाचा एकच मोकळा होता. तो बांधायच्या आधीच आईला खालून सरकारांचं बोलावणं आलं, आणि ती गेल्यावर नामू आला.

दार उघडलं. पुढं सरकार, मागं आई, आणि आईच्या मागं फौजदार इंगवले. सरकार आणि आई येणार हे ठाऊक होतं. फौजदारांचं ठाऊक नव्हतं. मी हातातली किटली शेगडीवर ठेवली.

"वा," सरकार म्हणाले. "यमूबाई, वा. मुंबईच्या लाटसाहेबाकडंही असं काम आम्ही बघितलं नाही."

"सरकारांची मखमल चांगली," आई म्हणाली. ती लाजली की असंच तिसऱ्यालाच श्रेय द्यायची.

फौजदारांना मखमलीत रस नव्हता. ते माझ्याकडं आले. वेताची छडी काखेत.

"काय गं पोरी, इकडं कुणी आलं होतं?"

"कोण?"

"मी विचारतोय. कुणी पोरगा आला का, ह्या जिन्यानं?"

"नाही."

"सारा वेळ इथंच होतीस?"

"वाफ देत होते," मी म्हणाले. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग मागच्या जिन्याच्या दाराकडं, मग खिडक्यांच्या रांगेकडं. मी टोकाच्या खिडकीकडं बघायचं नाही असं ठरवलं, आणि ठरवलं की डोळे तिकडंच जातात. म्हणून मी छताच्या झुंबराकडं बघत उभी राहिले, खुळ्यासारखी.

"इंगवले, तुम्ही पडदे बघायला आलात की चोर?" सरकार म्हणाले.

"चोर नाही सरकार, त्याहून वाईट. कचेरीवर झेंडा लावणारा. वाड्याच्या आवारात शिरलाय, शिपायानं डोळ्यांनी बघितलंय. मला एकेक खोली बघायची आहे."

"बघा की. आम्हाला आमचं बघू द्या."

फौजदारांनी छडी काढली आणि पहिल्या खिडकीपासून सुरुवात केली. बांधलेल्या पडद्याच्या पोटात छडी खुपसायची, हलवायची, पुढं जायचं. मग दुसरी खिडकी. छडीचा मखमलीवर आवाज होत नाही, पण मागं खिडकीच्या लाकडावर आपटली की टक् व्हायचं. मी त्या टक्‌ची वाट बघत होते. टक् झालं नाही की काय होईल, ते माझ्या डोळ्यांपुढं दिसत होतं. रघूच्या आईनं कसा पदर तोंडात कोंबला होता तेही दिसत होतं.

आणि त्याच वेळी सरकार म्हणाले, "यमूबाई, एखादा ओढून दाखवा. साहेब आत आले की आम्ही स्वतः दोरी ओढणार आहोत. सरकतो कसा ते कळायला नको का? हा टोकाचा मोकळा दिसतोय. हाच दाखवा."

"आई," मी म्हणाले.

"काय गं?"

 काय सांगणार होते? आईनं माझ्याकडं जरा रागानं बघितलं, सरकारांसमोर मध्येच बोलते म्हणून, आणि ती टोकाच्या खिडकीकडं निघाली. तिला आपलं काम दाखवायचा केवढा आनंद झाला होता ते तिच्या चालण्यात दिसत होतं. मी मनातल्या मनात तुळजाभवानीला साडीचोळी बोलले. तेवढ्यानं भागेना म्हणून नवसात खणही घातला.

पडद्याशी पोचल्यावर ती थांबली. "ही चुणी कुणी बिघडवली?" असं पुटपुटली. दोरीकडं जाणारा तिचा हात वळला आणि मखमलीवर आला. तिची सवयच ती. चुणी वाकडी दिसली की जेवण सोडून उठेल. दोन्ही तळवे पडद्यावर ठेवून तिनं वरून खाली सरळ फिरवायला सुरुवात केली.

छातीच्या उंचीवर तिचे हात थांबले.

मी हे आजही जसंच्या तसं बघू शकते. आईची पाठ माझ्याकडं होती. तिचं डोकं हललं नाही, खांदे हलले नाहीत, नुसते हात थांबले, आणि सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ ते तिथंच राहिले. मग खाली सरकले. कमरेपर्यंत. गुडघ्यापर्यंत. वाकून तिनं जमिनीवर लोळणारी मखमल नीट केली, पुढं ओढून घेतली. उठली, आणि कमरेला खोचलेल्या मांजरपाटाच्या पट्ट्या काढून पडदा बांधायला लागली.

"अहो, ओढून दाखवा म्हटलं," सरकार म्हणाले. "तुम्ही बांधताय काय?"

"आत्ता ओढता येणार नाही सरकार." आईचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता, एवढंच. "चुणी बसवलेली आहे. आत्ता ओढला तर मोडेल, आणि मोडलेली चुणी परत बसत नाही. मग साहेबाला पडदा नाही, गोधडी दिसेल."

"एवढंसं ओढल्यानं?"

"एवढंसंच पुरतं."

छातीशी एक पट्टी तिनं बांधली. कमरेशी दुसरी. हात मागं घालून पट्टी पलीकडून काढावी लागते, तेव्हा तिचा गाल मखमलीला टेकला होता. तेवढ्यात फौजदार शेजारच्या खिडकीशी पोचले होते. टक्. आता राहिला टोकाचा पडदा. ते दोन पावलं पुढं आले आणि त्यांनी छडी उचलली.

"फौजदारसाहेब," आई म्हणाली, "ती छडी खाली घ्या."

कुणी फौजदार इंगवल्यांशी असं बोलत नसे. ते थांबले.

"काय म्हणालीस?"

"सरकार, जरा इकडं येऊन बघा," आई त्यांना सोडून सरकारांनाच म्हणाली, आणि शेजारच्या पडद्याशी गेली. "इथं बघा. उजेडाकडून बघा म्हणजे दिसेल. छडी जिथं लागली तिथं मखमलीची लव चेपली. हा पांढरा डाग दिसतो का? आणि ह्याच्यावर. आणि त्याच्यावर. पहिल्यापासून प्रत्येकावर. वाफ देऊन जातोय का बघीन, पण खोल चेपली तर मखमल उठत नाही. सरकारांच्या आबासाहेबांच्या वेळची मखमल आहे, पुन्हा मिळायची नाही. आता एकच पडदा धड राहिलाय. त्याच्यातही खुपसायची असली तर खुपसू द्या, मी कोण सांगणार."

सरकार पहिल्या पडद्यापासून बघत आले. जाड अंगाचा, हौशी माणूस. राग आला की त्यांचे कान लाल व्हायचे. ते लाल झालेले मला लांबून दिसले.

"इंगवले."

"सरकार, तो पोरगा..."

"तो पोरगा काय आमच्या मखमलीत अंडी घालणार आहे? बाग बघा, तबेला बघा, गच्ची बघा. ही शिंपीण इथं बसलेली असताना इथं कोण येईल? उद्या साहेबासमोर हे डाग तुम्ही अंगरखा पसरून झाकणार?"

फौजदारांनी छडी काखेत घातली. पण त्यांची नजर आईवरून हलली नाही. आई तिसरी पट्टी बांधत होती, गुडघ्याशी, खाली बसून. गाठ एका फेरीत बसली. 

माझा जीव भांड्यात पडला, असं म्हणणार होते, तेवढ्यात सरकारच म्हणाले, "आणि दाराशी पहारा द्या. दोन्ही दारांशी. दरबारापर्यंत ह्या पडद्यांना माशी शिवली तरी आम्ही तुम्हाला विचारू. यमूबाईंचं आजचं काम झालं की हॉलला कुलूप."

घ्या. वाचवायला गेलो आणि कोंडून घेतलं. पुढच्या दाराला एक शिपाई, मागच्या जिन्याला एक. सरकार गेले, फौजदार गेले, आणि पुढच्या दारातून म्हादबा शिपायानं तोंड आत घातलं. म्हातारा, ओळखीचा, पण शिपाई तो शिपाई.

"म्हादबा, दार लोटून घे," आई म्हणाली. "वाफ बाहेर जाते."

त्यानं दार लोटलं. आई माझ्याकडं वळली. तिनं मला काही विचारलं नाही. नुसतं एकदा नीट बघितलं, आणि ते बघणं मला फार दिवस उमगलं नाही. मग तिनं पट्ट्या सोडल्या आणि अगदी हळू म्हणाली, "ये बाहेर. आवाज करू नको."

नामू बाहेर आला. घामानं निथळत होता, तोंडाला डाळिंबी लव चिकटलेली. आई त्याच्याकडं बघतच राहिली, आणि बघता बघता जमिनीवर बसली. भिंतीचा आधारही घेतला नाही, नुसती खाली गेली. तिचा हात तोंडावर होता. मी धावले, पण तिनं मला झिडकारलं. जरा वेळानं ती उठली, पदरानं नामूचं तोंड पुसलं, आणि पुसून झाल्यावर त्याच तोंडावर एक चपराक दिली. तीही आवाज होणार नाही अशी.

"आई," नामू म्हणाला, "मी फौजदाराच्या हवाली होतो. तुमच्यावर बालंट नको."

"गप," आई म्हणाली. तिचे दात वाजत होते.

टोकाच्या खिडकीच्या मागं जुना हत्तीखाना होता. हत्ती मरून जमाना झाला होता, आता तिथं नुसती घाणेरीची झुडपं आणि पलीकडं ओढा. ओढ्यानं खाली गेलं की इंग्रजांची हद्द, तिथं संस्थानच्या फौजदाराचं काही चालत नव्हतं. पण खिडकी वरच्या मजल्यावर, आणि तो मजला राजवाड्याचा.  मी गोंड्यांच्या रेशमी दोऱ्या उचलल्या. आईनं मान हलवली. त्या शोभेच्या, माणसाला धरणार नव्हत्या.

तिनं पडदा उलटा केला आणि अस्तराकडं बघितलं. मला कळलं आणि मी म्हणाले, "आई, नको." कसलं नको ते मलाही ठाऊक नव्हतं. तिनं कात्री घेतली.

अस्तर काढायचं तर आतले टाके एकेक करून उसवावे लागतात. तेवढा वेळ नव्हता. तिनं शिडीवर चढून वरच्या कडेशी कात्री घातली आणि दोन्ही हातांनी खाली ओढलं. एकेक टाका तुटताना मखमलीचा धागा घेऊन जात होता. समोरच्या बाजूला डाळिंबी कापड जागोजागी खेचलं जात होतं, चुरगळत होतं. मी बघत होते. पावसाळाभर घातलेले टाके माझ्यासमोर तडातडा जात होते, आणि त्या आवाजाची भीती वाटत होती ती वेगळीच.

"काय फाटलं?" दाराबाहेरून म्हादबा म्हणाला.

"माझं नशीब, बाबा," आई म्हणाली. "अस्तर कमी पडलं."

"अरेरे," म्हादबा म्हणाला.

अस्तराचे पट्टे पिळून आईनं गाठी मारल्या. प्रत्येक गाठ पायानं दाबून ओढून बघितली. एक टोक खिडकीच्या मधल्या दगडी खांबाला बांधलं. नामू चौकटीवर चढला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. आईनं त्याचं डोकं धरून बाहेर ढकललं.

तो उतरत होता तोवर जीनचा पीळ खांबावर करकरत होता. आई खिडकीत, मी दाराकडं तोंड करून. आणि म्हादबानं दार उघडलं.

"पाणी आहे का गं, अनसू?"

मी एका ढांगेत पडद्याशी गेले आणि फाटका पडदा खिडकीवर सबंध पसरला. आई मागं झाकली गेली. पडद्याला आता अस्तर नव्हतं, उन्हाचे ठिपके मखमलीतून येत होते, आणि त्या ठिपक्यांत आईची सावली हलत होती. मी सावलीसमोर उभी राहिले.

"तांब्या तिथं आहे, शेगडीपाशी," मी म्हणाले.

म्हादबा पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवला. माझ्याकडं बघत राहिला.

"अशी पांढरी का पडलीस?"

"पडदा फाटला ना," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. ते मात्र खरं होतं. कशाचं होतं ते विचारू नका.

"रडू नको, पोरी," तो म्हणाला. "सरकार दयाळू आहेत." आणि दार लोटून गेला.

आई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात अस्तराचा पीळ होता, ओढून वर घेतलेला. तिनं गाठी सोडल्या आणि पट्टे घडी करून ठेवले.

संध्याकाळी तिनं स्वतः सरकारांना नेऊन पडदा दाखवला. अस्तर कमी पडलं, जोड द्यायला काढलं, मखमल ओढली गेली, माझ्या हातून पडदा गेला, एवढंच बोलली. फौजदार शेजारीच उभे होते. आई त्यांच्याकडं न बघता हात जोडून उभी. मी तिच्यामागं, देवा देवा करत. सरकार ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुमच्या यजमानांच्या हातून असं झालं नसतं, यमूबाई."

"नसतं झालं," आई म्हणाली.

त्या दिवसानंतर राजवाड्याचं काम संपलं. दरबाराला मुंबईचे पडदे आले. बाजारात बायका आईला ऐकू जाईल असं म्हणायच्या, बाईमाणसानं पुरुषाचं काम हाती घेतलं की असंच व्हायचं. आई चोळ्या शिवायला लागली. एकदाही कुणाला उलट बोलली नाही. दाराशी कुणी वहाणा काढल्या तरी आम्ही दोघी दचकायचो. दिवाळीला मामा आले आणि सुपारी कातरता कातरता म्हणाले, "तुमचा माल पोचला हो." त्या रात्री आई पहिल्यांदा पोटभर जेवली. बाकी त्या दुपारविषयी आमच्या घरात कुणी बोललं नाही. आधी भीतीनं, मग सवयीनं.

संस्थान विलीन झालं तेव्हा नामू परत आला. तांबडगडच्या चौकात त्याचा सत्कार झाला, आईला व्यासपीठावर बसवलं. नामू बोलायला चांगला होता. त्यानं सगळं सांगितलं, मखमल, छडी, पट्ट्या. मग म्हणाला, "आईचा हात माझ्या छातीवर आला आणि थांबला. मध्ये मखमल होती, अस्तर होतं. तरी आईच्या हातानं लेकराला ओळखलं." चौकातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. त्यात आईच्या कामाला नावं ठेवणाऱ्याही होत्या. आई गळ्यात हार घालून मख्खासारखी बसली होती.

परतताना टांग्यात आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "आई, मखमलीवरून कसं गं ओळखलंस?"

"काय?"

"नामू आहे ते."

"कुठलं ओळखतेय," आई म्हणाली. "मला तर तो मिरजेला वाटत होता."

मी तिच्याकडं वळले. 

"मग कोण आहे असं वाटलं तुला?"

"खरं सांगू? आधी वाटलं, तुझंच काही लफडं आहे. तुझं तोंड तसं झालं होतं." ती जरा हसली. "मग म्हटलं, असेना. कुणाचं तरी पोर. ऊर धाडधाड उडत होतं हाताखाली. आणि तो मेला छडी घेऊन येतोय. काय करू, हाक मारून देऊ?"

"सरकारांच्या जिवावर उठलेला कुणी असता म्हणजे?"

"तेही आलं मनात. तोवर एक पट्टी बांधून झाली होती."

"तुला भीती नाही वाटली?"

आईनं हार काढून मांडीवर ठेवला. "तेव्हा नाही वाटली. दुसऱ्याचं होतं तोवर हात नीट चालत होते. ते बाहेर आलं आणि माझंच निघालं, तेव्हा भ्याले. अशी भ्याले अनसू, की पायच गेले माझे. अजून कधी कधी जातात." मग टांगेवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती माझ्याकडं वाकली. "नामूला हे सांगू नको. आईनं ओळखलं असं त्याला वाटतंय, वाटू दे."

मी नाही सांगितलं. आई गेली त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. नामू ह्या आषाढात गेला, म्हणून आज बोलले.